खाली माग, वर पत्रा: वडिलांच्या टीव्हीसाठी कॉम्प्युटर बांधायचाय, पार्ट कोणते घेऊ?

धोटा:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटांवर. खाली टॉवेलचे आठ माग, वर आम्ही. वडील ७६ वर्षांचे. त्यांची सगळी हयात विणण्यात गेली, आधी हातमाग, मग पॉवरलूम. मागाच्या खडखडाटानं उजवा कान जवळजवळ गेला, डाव्यानं थोडंफार ऐकतात. आता दुपारभर टीव्हीसमोर बसणं हाच त्यांचा विरंगुळा.

त्यांच्या खाटेखाली पत्र्याच्या दोन पेट्या आहेत, सीड्यांनी भरलेल्या. परवा बसून मोजल्या: १४० व्हीसीडी आणि २२ डीव्हीडी. मराठी नाटकं पुष्कळ, तेलुगू सिनेमे तेवढेच (घरात आम्ही तेलुगूच बोलतो), थोडी कीर्तनं, घरातली तीन लग्नं. आणि एक सीडी अशी आहे जी कुठल्याच दुकानात मिळायची नाही. २००५ साली आमचा शेवटचा हातमाग उतरवला. त्या दिवशी चुलतभावानं कॅमेरा आणून सगळं टिपलं. वडील शेवटचा पंचा विणतात, मग स्वतःच्या हातानं फणी काढतात, दोऱ्या सोडतात. ती सीडी ते वर्षातून दोनतीनदा तरी लावायचे. दिवाळीनंतर व्हीसीडी प्लेअर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, लेन्स मिळत नाही. तेव्हापासून पेट्या बंदच आहेत.

म्हणून ठरवलं, टीव्हीखाली एक डबा ठेवायचा. त्यात सगळ्या सीड्या उतरवायच्या आणि एका रिमोटवर वडिलांना हवं ते लागलं पाहिजे. टीव्ही ५० इंची ४के आहे. मुलगा मोबाईलवर ४के मध्ये शूटिंग करतो, तेही त्यावर बघता यावं.

घरात एक जुना पीसी आहे, आय५-४५७०, ८ जीबी रॅम. तो जोडून पाहिला. व्हीसीडीची फाईल छान चालली, पण मोबाईलचा व्हिडिओ अडखळतो आणि टीव्ही ३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३० चित्रांच्या) वर जात नाही. नव्या पेठेतल्या एका दुकानात सांगितलं, जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड टाका, सगळं होईल. दुसऱ्या दुकानात म्हणाले, जुनं काढून टाका, मोठ्या कार्डाचा नवा पीसी घ्या. मी स्वतः काढलेली यादी अशी: आय३-१२१००, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची ४ टीबी हार्ड डिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), डीव्हीडी रायटर बसेल असं कॅबिनेट. हातात ४० हजार आहेत.

आता खरी अडचण. खोलीवर पत्रा आहे. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, तेव्हा आत काय होत असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. खालून सुताचे तंतू वर येतात. टेबल फॅनची जाळी पंधरा दिवसांत पांढरी होते, जुन्या पीसीच्या फॅनवर तर अक्षरशः कापूस बसतो. आणि सकाळी माग सुरू होताना लाईट मंदावतो. या तिन्हींत टिकेल असं काय घेऊ? शोभेचं नको, टिकायला हवं.

जुळे_सोलापूर:

दादा, आधी एक आकडेमोड करू, म्हणजे अर्धी यादी आपोआप कमी होईल. व्हीसीडी ७४ मिनिटांची, पूर्ण भरली तरी ८०० एमबीच्या आत. १४० म्हणजे सव्वाशे जीबीला टेकत नाही. डीव्हीडी एका थराची ४.७ जीबी, दोन थरांची साडेआठ. बावीसच्या बावीस मोठ्या धरल्या तरी १९० जीबी. सगळा संग्रह सव्वातीनशे जीबीच्या आत बसतोय. १ टीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) घ्या, मुलाच्या शूटिंगलाही जागा उरते. ७२०० ची हार्ड डिस्क पत्र्याखाली चोवीस तास फिरवायची कशाला? ती स्वतः गरम होते आणि डब्यातली हवाही तापवते. बहुतेक हार्ड डिस्कना कंपन्यांनी ६० अंशांची मर्यादा दिलेली असते. तुमच्या खोलीत मे महिन्यात सुरुवातच चाळिशीच्या पुढून आहे.

आता कार्डाचं. जीटी ७१० अजिबात घेऊ नका. मोबाईलचा ४के व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसीत (व्हिडिओ कमी जागेत दाबून भरायची एक पद्धत) असतो आणि तो उलगडणारी सोयच त्या कार्डात नाही. त्याचा एचडीएमआयही १.४ च्या जमान्यातला, म्हणजे ४के ला ३० हर्ट्झ. तुमच्या जुन्या पीसीचं दुखणं तंतोतंत हेच आहे, आणि पैसे देऊन परत तेच घरी आणाल. आय५-४५७० वाईट नाही. पण १० बिटचा एचईव्हीसी इंटेलमध्ये हार्डवेअरवर (म्हणजे चिपमधल्या त्यासाठीच्या खास भागावर) आला तो सातव्या पिढीपासून, आणि हा चौथ्या पिढीतला. सगळं ओझं चार कोअरवर पडतं म्हणून अडखळतं. जुनाच पीसी ठेवायचा असता तर जीटी १०३० म्हणालो असतो. त्यात एचईव्हीसी आहे, एचडीएमआय २.० आहे. पण ८४ वॅटचा प्रोसेसर वर्षभर त्या खोलीत ठेवणं मला पटत नाही.

आय३-१२१०० चांगला चिप आहे, फक्त तुमच्या कामाला जास्तीचा. घ्यायचाच झाला तर दोन गोष्टी बघा. नावापुढे 'एफ' असलेला देऊ करतील, थोडा स्वस्त पडतो. त्यात ग्राफिक्सच नसतं, टीव्हीला काही दिसणार नाही. आणि बोर्डाच्या कागदावर एचडीएमआयसमोर ४के ला ६० हर्ट्झ लिहिलंय का ते वाचा. चिप देते म्हणून पोर्ट देईलच असं नाही.

मी असतो तर इंटेल एन१०० घेतला असता. चार कोअर, ६ वॅट. एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९, एव्ही१ (तशाच आणखी दोन पद्धती) सगळं हार्डवेअरवर उलगडतो. २०२३ च्या सुरुवातीला आला. असरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स बोर्ड बघा. प्रोसेसर बोर्डावरच बसवलेला, वर उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक, फॅन नाही. रॅमचा एकच स्लॉट आहे, ८ जीबी पुष्कळ झाली. मुख्य म्हणजे तो लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. हे तुमच्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाचं. एसएमपीएस गेला म्हणजे त्याचा फॅन गेला, कापूस ओढणारं एक तोंड कमी झालं. आणि असे अडॅप्टर १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे माग सुरू होताना लाईट मंदावला तरी ते दाद देत नाहीत. तरी एक ६०० व्हीएचा यूपीएस लावाच, टीव्ही आणि डबा दोन्हींना. आणि त्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

फॅनविना चालेल का? दुकानात चालेल. तुमच्या पत्र्याखाली मी तसा ठेवणार नाही. हीटसिंकला स्वतःहून हवा फिरायला हवी असते आणि हवाच चाळीसची असली तर तो हळूहळू तापत जातो. १२० मिलिमीटरचा एक मोठा फॅन अगदी कमी वेगावर लावा, बाहेरून आत हवा ढकलणारा. त्याच्या तोंडावर बारीक नायलॉनची जाळी, चिमट्यानं काढता येईल अशी. हवा फक्त त्याच तोंडातून आत येऊ दे आणि बाकीच्या फटींतून बाहेर जाऊ दे, म्हणजे तंतू जाळीवरच अडकतील. आठवड्याला जाळी झटका. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका, मागून-पुढून मोकळा ठेवा. माझ्या काकांकडे शोकेसमध्ये काच लावून ठेवलेला डबा दुपारी आपोआप बंद व्हायचा. काच काढली, थांबलं.

डीव्हीडी रायटर कॅबिनेटात बसवू नका. यूएसबीचा घ्या. सीड्या एकदाच उतरवायच्या आहेत, त्यासाठी मोठं कॅबिनेट कशाला?

पुण्यातला_सोलापूरकर:

वरचं सगळं मान्य, पण एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. रिमोट. ७६ वर्षांच्या माणसाला माउस नको, कीबोर्ड नको, हवेत हलवायचा तो एअर माउस तर अजिबात नको. माझ्या वडिलांना तो मी दिला होता. बाण पळतोय बघून त्यांनी टीव्ही बघणंच सोडलं. तीन महिने गेले हे माझ्या लक्षात यायला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

टीव्हीच्याच रिमोटनं सगळं चालायचं तर एचडीएमआय सीईसी (रिमोटचे हुकूम एचडीएमआय केबलमधून डब्याला पोचवायची सोय) लागतं. नेहमीच्या पीसी बोर्डांवर ते सहसा नसतं. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर असतं. पाय ४ किंवा पाय ५ घ्या, त्यावर लिब्रीइलेक ही फुकटची सिस्टीम टाका. चालू केलं की थेट कोडी (व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर) उघडतं आणि टीव्हीच्या रिमोटच्या बाणांनी फिरता येतं. दोन्हींत ४के एचईव्हीसी हार्डवेअरवर आहे. पाय ५ मध्ये एच२६४ या जुन्या पद्धतीसाठी हार्डवेअर ठेवलेलं नाही, पण १०८०पी पर्यंतचं त्याचा प्रोसेसर ओढतो. व्हीसीडी तर त्याला काहीच नाही. खर्चही पुष्कळ कमी.

जुळे_सोलापूर:

रिमोटचा मुद्दा माझ्याकडून सुटला, तुमचं बरोबर आहे. पण पायबद्दल माझी शंका आहे. बहुतेक लोक ते एसडी कार्डावर चालवतात, आणि जिथं लाईट अचानक जाते तिथं कार्ड खराब झालेली मी पाहिली आहेत. एसएसडी, डबी, फॅन, चांगला अडॅप्टर असं सगळं जोडत गेलात तर किमतीतला फरकही घटतो. शिवाय मुलगा उद्या एव्ही१ चा व्हिडिओ लावणार, तो पायवर सॉफ्टवेअरनं चालवावा लागतो.

लिब्रीइलेक आणि कोडी एन१०० वरही चालतात. रिमोटसाठी फ्लर्क नावाचा यूएसबीचा छोटा रिसीव्हर मिळतो, त्याला कुठल्याही इन्फ्रारेड रिमोटची बटणं शिकवता येतात. मग रिमोट तुम्ही निवडा. मोठ्या बटणांचा घ्या आणि त्यातली सहाच शिकवा: चार बाण, ओके, मागे. बाकीची दाबली तरी काही होत नाही, म्हणजे वडील कुठं अडकत नाहीत.

धोटा:

दोघांनाही मनापासून धन्यवाद. सहा बटणांची गोष्ट ऐकून बरं वाटलं. वडिलांना जुन्या प्लेअरच्या रिमोटची सवय आहे. तो रिमोट अजून आहे, चिकटपट्टी लावलेला. फ्लर्कला तोच शिकवता येईल का?

जुळे_सोलापूर:

येईल की. इन्फ्रारेड आहे आणि सेल टाकल्यावर चालतो ना, मग झालं. तोच वापरा.

पहिली_रांग:

मी हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघत मोठी झाले. आईच्या नाटकांच्या सीड्या दोन वर्षांपूर्वी उतरवल्या, म्हणून लिहिते. दादा, पार्ट येतील तेव्हा येतील, सीड्या आजपासून उतरवायला घ्या. जुना पीसी आहेच. सीडीच्या चमकणाऱ्या थरात वर्षं गेली की बारीक भोकं पडतात. उजेडासमोर धरून बघा, टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर ती आधी घ्या. आणि सगळ्यांत पहिली हातमागाची.

पुसताना मऊ सुती कापड घ्यायचं आणि मधून काठाकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल ओरखडा एकाच रेषेतली सलग माहिती खातो, आडवा ओरखडा थोडी थोडी. वर कागदी स्टिकर असेल तर ओढू नका, त्याच्याबरोबर थरही निघतो.

व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट फाईल. ती नुसती ओढून कॉपी केली तर चांगल्या सीडीवर जमतं, पण खराब जागा आली की कॉम्प्युटर लटकतो. व्हीसीडीवर चित्राच्या भागात चूक दुरुस्त करायची जादा माहितीच कमी ठेवलेली असते. तिथं जागा वाचवून व्हिडिओ भरलाय. त्यामुळे गाण्याच्या किंवा डेटाच्या सीडीच्या मानानं तिचं नुकसान जास्त दिसतं. घाई करू नका, अडलेली सीडी दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घालून बघा. एक ड्राईव्ह जे वाचत नाही ते दुसरा वाचतो, हे माझ्याकडे अनेकदा झालं.

उतरवल्यावर फाईल बदलू नका. कुणी म्हणेल एचडी करून देतो. मूळ चित्र ३५२ बाय २८८ चं आहे, त्यात नसलेली बारकाई कुठून आणणार? मूळ फाईल तशीच ठेवा. आणि उतरवलेल्या सगळ्याची दुसरी प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, ती दुसऱ्या घरात. त्यासाठी हार्ड डिस्क जरूर घ्या.

कोडीत दोन गोष्टी आठवणीनं करा. आपल्याकडच्या व्हीसीडी-डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रांच्या असतात. टीव्ही ६० हर्ट्झवर असला तर २५ चा ६० शी मेळ बसत नाही, आणि नट रंगमंचावर चालताना हलके झटके दिसतात. ५० वर प्रत्येक चित्र नेमकं दोनदा येतं. व्हिडिओप्रमाणे रिफ्रेश रेट आपोआप बदलायची सोय आहे, ती चालू करा. लग्नाच्या डीव्हीडीत हलताना कंगव्यासारख्या रेषा दिसतील, त्यासाठी डीइंटरलेसिंग (त्या रेषा जुळवून घ्यायची सोय) चालू करा.

दुसरं, आवाज. माझ्या आईलाही कमी ऐकू येतं. नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या मोठ्या आणि संवाद दूरचे. व्हिडिओ चालू असताना आवाजाच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम ॲम्प्लिफिकेशन आहे. ते वाढवलं की हळू बोललेलं वर येतं आणि मोठं फार मोठं होत नाही. त्यासाठी पासथ्रू (आवाज न बदलता तसाच पुढं पाठवणं) बंद ठेवावं लागतं. ५.१ (सहा चॅनलच्या) आवाजाचा सिनेमा दोन स्पीकरवर ऐकताना मधल्या चॅनलला वेगळं वाढवता येतं, संवाद तिथंच असतात. साउंडबारवर खर्च करण्याआधी हे करून बघा. आणि स्पीकर त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला सरकवा.

एक शेवटचं. प्रत्येक नाटकाला वेगळा फोल्डर करा आणि सीडीच्या कव्हरचा फोटो 'फोल्डर' या नावानं जेपीजी करून त्यात ठेवा. आईला नावं वाचायचा कंटाळा, कव्हर मात्र लांबूनच ओळखते.

धोटा:

पाच आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, सीझनचं काम होतं.

असरॉकचा तो बोर्ड घेतला, ८ जीबी रॅम, १ टीबीची एसएसडी, १९ व्होल्टचा अडॅप्टर, यूएसबीचा डीव्हीडी रायटर, फ्लर्क, यूपीएस. २ टीबीची बाहेरची डिस्क बहिणीकडे पंढरपूरला ठेवली आहे. सगळं धरून ४० हजारांच्या आत. कॅबिनेट घेतलंच नाही. आमच्याकडच्या फॅब्रिकेटरनं भोकांच्या पत्र्याचा डबा करून दिला, १२० चा फॅन बसेल असा. बाकीची भोकं मागच्या बाजूला. पुढं नायलॉनची जाळी चार स्क्रूंवर. आठव्या दिवशी जाळी पांढरी झालेली होती आणि आतला हीटसिंक स्वच्छ. मी तर जाळी हातात घेऊन बराच वेळ बघत उभा होतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी बाहेर ४३ होतं, कूलर बंद ठेवून मुद्दाम बघितलं. मुलाचा ४के व्हिडिओ अर्धा तास लावला, प्रोसेसर ७१ वर थांबला. नाटक लावल्यावर ६० च्या आसपास. माग सुरू होताना काही होत नाही.

रिमोट जुनाच. फ्लर्कनं पहिल्या झटक्यात शिकला. वडिलांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, प्लेअर दुरुस्त झाला का? मी हो म्हणालो. मग त्यांनी आपोआप बाण दाबून कव्हरांवरून फिरायला सुरुवात केली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आवाज वाढवला, स्पीकर डावीकडे घेतला. टीव्हीचा व्हॉल्यूम आधी ४५ वर असायचा, आता ३० वर चालतो. नाटकातलं वाक्य ऐकून ते मध्येच हसले, तेव्हा कळलं की संवाद पोचतोय.

१४० पैकी १३१ व्हीसीडी पूर्ण उतरल्या. डीव्हीडी सगळ्या. आठ व्हीसीडी अगदी गेल्या, त्यातल्या सहा सिनेमे आहेत, कुठं ना कुठं सापडतील.

राहिली ती हातमागाची. ताई, उजेडात धरली तर काठाकडे सात-आठ ठिपके दिसतात. एकूण ५२ मिनिटांची आहे. जुन्या पीसीच्या ड्राईव्हनं ३१ मिनिटं वाचली, यूएसबीच्या रायटरनं ३८. पंचा विणून होतो, धोटा बाजूला ठेवतात, वडील फणीला हात घालतात आणि चित्र थांबतं. पुढची १४ मिनिटं अजून आलेली नाहीत. वडिलांना ३८ मिनिटं दाखवली. ते म्हणाले, फणी काढल्यावर मी काय बोललो होतो ते पुढं आहे.

सोलापुरात कुणाकडे जुना, जाड, आतल्या पट्टीच्या केबलचा सीडी-रॉम ड्राईव्ह चालू स्थितीत असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? मीच तुमच्याकडे येतो. माझ्या जुन्या पीसीच्या बोर्डाला ती पट्टी लागत नाही, म्हणून तो ड्राईव्ह चालू जुन्या मशीनसकट मिळाला तर बरं. सीडी मात्र कुरिअरनं कुठं पाठवणार नाही, हातातच घेऊन येईन.